प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजीतील बैठा प्रारंभ : क्रम, वेग आणि सुरक्षितता

प्रस्तावना

नेमबाजी म्हटले की महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांसमोर एका जागी स्थिर उभा राहून लक्ष्यावर नजर रोखणारा खेळाडू येतो. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविणारे स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे हे चित्र घराघरांत पोहोचले. महाविद्यालयीन क्षेत्रात नेमबाजीचा परिचय प्रामुख्याने राष्ट्रीय छात्र सेनेच्या माध्यमातून होतो. तेथेही छात्र जमिनीवर पालथा झोपून पॉइंट टू टू रायफलने स्थिर लक्ष्यावर गोळ्या झाडतो. या दोन्ही प्रकारांत स्थैर्य हाच पाया मानला जातो.

जगात मात्र नेमबाजीचा एक असाही प्रकार आहे की ज्यात खेळाडू धावतो, वळतो, वाकतो आणि कधी कधी चक्क खुर्चीवर बसलेल्या अवस्थेतून स्पर्धेला आरंभ करतो. यास प्रॅक्टिकल नेमबाजी असे म्हणतात. खुर्चीवरून होणाऱ्या या आरंभास प्रस्तुत लेखात ‘बैठा प्रारंभ’ अशी संज्ञा वापरली आहे. वरवर पाहता ही केवळ गंमत वाटते. प्रत्यक्षात मात्र बसलेल्या माणसाच्या मांड्या त्याच्या स्वतःच्या पिस्तुलासमोर येतात आणि त्याच क्षणी त्याला घाई करण्याचा मोह होत असतो. त्यामुळे बैठा प्रारंभ ही या खेळातील वेगाची आणि सुरक्षिततेची एकत्रित कसोटी ठरते.

या कसोटीत वेग हाताच्या चपळाईने मिळतो की हालचालींच्या क्रमाने, या प्रश्नाचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे मुख्य उद्दिष्ट आहे. त्यासाठी खेळाचे नियम, उठण्याच्या क्रियेचे शरीरशास्त्र, गुणांचे गणित आणि महाराष्ट्रातील खेळपरंपरा या चार अंगांनी विवेचन केले आहे.

प्रॅक्टिकल नेमबाजीचे स्वरूप

या खेळाची जागतिक संघटना म्हणजे इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन, संक्षेपाने आयपीएससी. तिची स्थापना मे १९७६ मध्ये अमेरिकेतील मिसूरी राज्यातील कोलंबिया येथे झाली. जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष होत. ‘डिलिजेन्शिया, व्हिस, सेलेरिटास’ हे लॅटिन शब्द संघटनेचे ब्रीद आहेत. अचूकता, सामर्थ्य आणि वेग असा त्यांचा आशय घेतला जातो. या तिन्हींचा समतोल हेच खेळाचे सूत्र आहे.

ऑलिंपिक नेमबाजीत अंतर, लक्ष्य व वेळ आधीच ठरलेली असते आणि वर्षानुवर्षे तीच राहते. प्रॅक्टिकल नेमबाजीत प्रत्येक स्पर्धेची मांडणी नवी असते. एका स्पर्धेत अनेक ‘स्टेज’ असतात. प्रत्येक स्टेजवर भिंती, खिडक्या, टेबले, दारे उभारून त्यांच्या आड पुठ्ठ्याची व धातूची लक्ष्ये लावली जातात. पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमध्ये, टेबलावर किंवा पेटीत असू शकते. प्रारंभीची स्थिती कोणती, हे स्टेजच्या लेखी सूचनेत नमूद केलेले असते. वेगळी सूचना नसल्यास खेळाडूने सरळ उभे राहावे, पिस्तूल होल्स्टरमध्ये असावे आणि हात दोन्ही बाजूंना सहज सोडलेले असावेत, असा सर्वसाधारण नियम आहे.

पुठ्ठ्याच्या लक्ष्याचे ए, सी आणि डी असे तीन भाग असतात. कमी शक्तीच्या म्हणजे ‘मायनर’ गटातील काडतुसांसाठी या भागांना अनुक्रमे ५, ३ व १ गुण मिळतात. अधिक शक्तीच्या ‘मेजर’ गटासाठी हेच गुण ५, ४ व २ असे असतात. नेम चुकल्यास १० गुण वजा होतात. ज्यावर गोळी झाडावयाची नाही अशा लक्ष्यास गोळी लागल्यास आणि नियमाची प्रक्रिया मोडल्यासही प्रत्येक वेळी १० गुण वजा होतात. शेवटी उरलेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागले जाते. या भागाकारास ‘हिट फॅक्टर’ म्हणतात. त्या स्टेजवर ज्याचा हिट फॅक्टर सर्वाधिक, त्यास पूर्ण गुण मिळतात आणि इतरांना त्या प्रमाणात. म्हणजे वेळ हा येथे छेद आहे. तो जितका लहान तितके फळ मोठे, पण अंशातील गुण घटू न देणे तेवढेच महत्त्वाचे.

बैठा प्रारंभ : मांडणी आणि नियम

बैठ्या प्रारंभाच्या मांडणीत पुष्कळ विविधता आढळते. काही वेळा खेळाडू साध्या खुर्चीवर बसतो, हात गुडघ्यांवर ठेवतो आणि पिस्तूल होल्स्टरमध्ये असते. काही वेळा समोर टेबल असते आणि दोन्ही तळवे टेबलावरील ठरावीक खुणांवर ठेवावे लागतात. काही वेळा पिस्तूल टेबलावर किंवा टेबलाच्या खणात, गोळ्या न भरलेल्या अवस्थेत ठेवलेले असते. क्वचित खेळाडूची पाठ लक्ष्यांकडे असते व त्यास उठून प्रथम वळावे लागते. सूचनेत बंधन नसल्यास बसूनच काही लक्ष्ये टिपण्याची मुभाही असू शकते.

प्रारंभाची पद्धत सर्व प्रकारांत समान आहे. रेंज ऑफिसर खेळाडूस तयारी करण्याची आज्ञा देतो. खेळाडू पिस्तूल सूचनेप्रमाणे सिद्ध करतो आणि प्रारंभीच्या स्थितीत बसतो. त्यानंतर ‘आर यू रेडी?’ असा प्रश्न विचारला जातो व पुढे ‘स्टँडबाय’ अशी आज्ञा होते. या आज्ञेनंतर १ ते ४ सेकंदांच्या दरम्यान केव्हाही टायमरचा आवाज होतो. हा कालावधी मुद्दाम अनिश्चित ठेवलेला असतो. खेळाडूने आवाजाचा अंदाज बांधून आधीच हालचाल करू नये, हा त्यामागील हेतू होय. ‘स्टँडबाय’ आणि आवाज यांच्या दरम्यान हात पिस्तुलाकडे सरकवणे किंवा शरीर अधिक सोयीच्या स्थितीत नेणे यास दंड आहे.

सुरक्षिततेचे नियम याहूनही कठोर आहेत. पिस्तुलाच्या नळीचे तोंड स्वतःच्या शरीराच्या कोणत्याही भागावरून फिरले तर खेळाडू संपूर्ण स्पर्धेतून बाद होतो. या नियमास एक मर्यादित अपवाद आहे. होल्स्टरमधून पिस्तूल काढताना किंवा परत ठेवताना नळीचे तोंड पट्ट्याखालील अवयवांवरून गेले, तर खेळाडू बाद होत नाही. मात्र त्या वेळी त्याची बोटे ट्रिगरच्या कडीबाहेर स्पष्टपणे दिसली पाहिजेत. टेबलावरून उचललेल्या पिस्तुलास हा अपवाद लागू होत नाही. पिस्तूल हातातून पडले तरी खेळाडू बाद होतो. या तरतुदी नीट पाहिल्या की बैठ्या प्रारंभातील मुख्य अडचण ध्यानात येते. उभ्या माणसाचे पाय पिस्तुलाच्या खाली असतात. बसलेल्या माणसाच्या मांड्या मात्र आडव्या होऊन पिस्तुलाच्या पुढे येतात, म्हणजे नळी ज्या दिशेने वळणार त्याच मार्गावर.

उठण्याच्या क्रियेचे शरीरशास्त्र

खुर्चीवरून उठणे ही मनुष्य दिवसातून अनेकदा करीत असलेली क्रिया आहे. ती इतकी अंगवळणी पडलेली असते की तिचे टप्पे लक्षात येत नाहीत. भौतिकोपचाराच्या अभ्यासात १९९० मध्ये शेंकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या क्रियेचे चार टप्पे वर्णिले आणि ते पुढे सर्वमान्य झाले. पहिल्या टप्प्यात धड पुढे झुकते व शरीरास पुढच्या दिशेने गती मिळते. दुसऱ्या टप्प्यात नितंब आसनापासून सुटतात आणि पुढची गती वरच्या दिशेत रूपांतरित होते. तिसऱ्या टप्प्यात नितंब, गुडघे व धड सरळ होतात. चौथ्या टप्प्यात शरीर उभ्या स्थितीत स्थिरावते.

यातील दुसरा टप्पा सर्वांत नाजूक होय. बसलेल्या अवस्थेत शरीराचा गुरुत्वमध्य आसनाच्या वर असतो, तर उठल्यावर तो तळपायांच्या वर यावा लागतो. हे आडवे अंतर जितके कमी तितकी क्रिया सोपी. म्हणूनच पाय पुढे पसरून बसलेल्या माणसास उठणे जड जाते आणि पाय गुडघ्यांच्या मागे घेतल्यास तीच क्रिया सहज होते. आसनाची उंची कमी असल्यास गुडघे व नितंब यांच्या स्नायूंवरील भार वाढतो. हातांनी आधार घेतल्यास हा भार कमी होतो, परंतु नेमबाजास हात अन्य कामासाठी मोकळे हवे असतात. निरोगी प्रौढ व्यक्ती सहज गतीने उठते तेव्हा साधारणतः दीड ते दोन सेकंद लागतात. स्पर्धक याहून कितीतरी लवकर उठतो, पण टप्प्यांचा क्रम त्यालाही चुकत नाही.

आवाज ऐकून हालचाल सुरू होण्यासही काही काळ लागतो. साध्या ध्वनिसंकेताला प्रतिसाद देण्यास सामान्यतः सेकंदाचा सहावा ते पाचवा भाग खर्च होतो. फ्रँकलिन हेन्री व डोनाल्ड रॉजर्स यांनी १९६० मध्ये दाखवून दिले की, पुढे करावयाची हालचाल जितकी गुंतागुंतीची तितका तिचा आरंभ उशिरा होतो. ‘उठावे, वळावे, पिस्तूल काढावे, की आधी टेबल टाळावे?’ असा विचार आवाजानंतर करणारा खेळाडू तेथेच मागे पडतो. क्रम आधीच ठरवून तो एकसंध हालचालीत बांधणाऱ्यास हा विलंब कमी होतो.

या दृष्टीने महाराष्ट्राच्या मातीतील एक उदाहरण उद्बोधक ठरते. खो-खो हा खेळ मुळात बैठ्या प्रारंभावरच उभा आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याचे नियम बांधले गेले. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या दोन्ही संघांनी अजिंक्यपद मिळविले. महिला संघाचे नेतृत्व प्रियंका इंगळे आणि पुरुष संघाचे नेतृत्व प्रतीक वाईकर या महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते. चौकात बसलेल्या आक्रमकाला ‘खो’ मिळाल्याबरोबर उठून धावावे लागते आणि खो मिळण्यापूर्वी उठणे हा फाऊल होय. शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात चौकात बसण्याच्या ‘पॅरलल टो’ व ‘बुलेट टो’ अशा पद्धती शिकविल्या जातात. दोन्ही पाय समांतर ठेवावेत की एक पुढे व एक मागे, यावर उठण्याची दिशा व वेग अवलंबून असतो, हे प्रत्येक क्रीडाशिक्षक जाणतो. प्रॅक्टिकल नेमबाज खुर्चीवर बसताना पाय कोठे ठेवतो, हा प्रश्न तत्त्वतः हाच आहे. फरक इतकाच की खो-खोपटूच्या हाती शस्त्र नसते.

हाताळणीचा क्रम

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. बसलेल्या अवस्थेतून पिस्तूल केव्हा काढावे? याची तीन उत्तरे संभवतात. पहिले, पूर्ण उठून स्थिर झाल्यावर. दुसरे, उठता उठता. तिसरे, बसल्या जागीच.

पहिली पद्धत सर्वांत सुरक्षित होय व नवशिक्यासाठी तीच योग्य. तिच्यात उठण्याचा काळ आणि पिस्तूल काढण्याचा काळ यांची बेरीज होते, म्हणून ती संथ ठरते. दुसऱ्या पद्धतीत हे दोन्ही काळ काही अंशी एकमेकांवर चढतात व वेळ वाचतो. मात्र हा लाभ पदरात पडतो तो केवळ योग्य टप्प्यांची जोडी जमल्यासच. पहिल्या टप्प्यात धड पुढे झुकलेले असते. धड व मांडी यांच्यातील कोन त्या वेळी सर्वांत लहान असतो, पट्टा पोटाशी आवळला जातो आणि होल्स्टर खुर्चीच्या हातात किंवा वस्त्रात अडकण्याची शक्यता असते. याच क्षणी पिस्तूल उपसले तर नळीच्या मार्गात मांडी येणारच. म्हणून या टप्प्यात हाताने फक्त मुठीची पक्की पकड घ्यावी, पिस्तूल होल्स्टरमध्येच राहू द्यावे. नितंब आसनापासून सुटून शरीर सरळ होऊ लागले की मांडी खाली जाते व मार्ग मोकळा होतो. त्या वेळी पिस्तूल वर काढावे, नळी लक्ष्यांच्या दिशेस आणावी आणि दुसरा हात छातीसमोर जोडावा. शरीर स्थिरावण्याच्या चौथ्या टप्प्यात नेम साधला जातो. ट्रिगरवर बोट जाते ते तेव्हाच, त्याआधी नाही.

थोडक्यात, झुकताना पकड, सरळ होताना उपसणे आणि स्थिरावताना नेम असा हा क्रम आहे. या क्रमात सुरक्षितता आणि वेग परस्परविरोधी राहत नाहीत. ज्या क्षणी पिस्तूल काढणे धोक्याचे, त्याच क्षणी ते काढणे अवघड व म्हणून संथही असते. शरीररचना आणि नियम येथे एकाच दिशेस बोट दाखवितात.

तिसरी पद्धत, म्हणजे बसूनच गोळी झाडणे, सूचनेने अनिवार्य केली असेल किंवा पहिली लक्ष्ये बसल्या जागेवरून स्पष्ट दिसत असतील तर अवलंबिली जाते. अशा वेळी धड पुढे न झुकविता ताठ ठेवणे इष्ट असते. पिस्तूल बरगड्यांजवळून सरळ वर आणून, मांडीच्या व टेबलाच्या पातळीवर आल्यानंतरच पुढे नेले जाते. टेबलाखाली पाय असताना पिस्तूल खालून पुढे ढकलणे ही गंभीर चूक होय, कारण त्या मार्गात स्वतःचे गुडघे असतात.

पिस्तूल टेबलावर ठेवलेले असल्यास क्रम पुन्हा बदलतो. हात आधीच पुढे असल्याने पकड लवकर मिळते, परंतु पिस्तूल हाती घेऊन खुर्ची मागे ढकलण्याची कसरत करावी लागते. पाय खुर्चीत अडकून तोल जाण्याचा धोका येथे सर्वाधिक असतो. म्हणून जाणते खेळाडू प्रथम पायांच्या जोराने खुर्चीतून मोकळे होतात आणि नंतर पिस्तूल उचलतात. पाठ लक्ष्यांकडे असल्यास उठणे व वळणे पूर्ण झाल्यावरच पिस्तूल काढावे. अन्यथा वळताना नळी मागील प्रेक्षक व अधिकारी यांच्यावरून फिरेल.

याशिवाय काही बाबी आवाज होण्यापूर्वीच पाहावयाच्या असतात. खुर्ची घसरते की डुलते, तिला हात आहेत काय, बसल्यावर पट्टा किती वर सरकतो, मॅगझिनचे कप्पे मांडीला टोचतात काय आणि पाय मागे घेण्यास सूचनेत मनाई आहे काय, याची पाहणी आधी केली जाते. उठताना डोळ्यांची उंची बरीच बदलते, त्यामुळे लक्ष्य नजरेतून निसटू शकते. नजर पहिल्या लक्ष्यावर खिळवून उठणे हा त्यावरील उपाय होय.

वेळेचा हिशेब

घाईने खरोखर काय साधते, हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका स्टेजवर ६ लक्ष्ये असून प्रत्येकावर २ गोळ्या झाडावयाच्या आहेत, असे समजू. म्हणजे एकूण १२ गोळ्या व कमाल ६० गुण. मायनर गटातील एका खेळाडूने ठरलेल्या क्रमाने उठून ८ सेकंदांत सर्व गोळ्या ए भागात मारल्या. त्याचा हिट फॅक्टर ६० भागिले ८, म्हणजे ७.५० झाला.

दुसऱ्याने तोल सावरण्यापूर्वीच पहिली गोळी झाडून ०.३० सेकंद वाचविला. त्याची एक गोळी ए ऐवजी सी भागात गेली. त्याचे गुण ५८ व वेळ ७.७० सेकंद, म्हणून हिट फॅक्टर ७.५३. लाभ नाममात्र आहे. दोन गोळ्या सी भागात गेल्यास गुण ५६ व हिट फॅक्टर ७.२७ होतो. म्हणजे घाईचा तोटाच झाला. एक गोळी पूर्णपणे चुकल्यास ५ गुण हुकतात, वर १० वजा होतात. उरलेल्या ४५ गुणांना ७.७० ने भागल्यास ५.८४ हाती येतात. आवाजापूर्वी हात सरकविल्याबद्दल एक दंड झाला, तर ८ सेकंदांतील अचूक खेळही ६.२५ वर घसरतो. आणि नळी स्वतःच्या अंगावरून फिरली तर कोणताही भागाकार उरत नाही, कारण खेळाडू स्पर्धेतच राहत नाही.

या उदाहरणातील खेळाडूच्या दृष्टीने एका सेकंदाचे मोल साडेसात गुणांइतके आहे. तेव्हा ०.३० सेकंदाचे मोल जेमतेम सव्वादोन गुण, म्हणजे एका सी फटक्याइतके. क्रम सुधारून वाचविलेला वेळ गुण न गमावता मिळतो. अस्थिर अवस्थेत गोळी झाडून वाचविलेल्या वेळेची किंमत मात्र लगेच वसूल होते.

महाराष्ट्रातील समांतर अनुभव

प्रॅक्टिकल नेमबाजीतील हे तत्त्व ऑलिंपिक प्रकारातही निराळ्या रूपात दिसते. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकाराच्या जलद टप्प्यात खेळाडू हात खाली ४५ अंशांपेक्षा वर न नेता सज्ज राहते. ७ सेकंदांच्या विरामानंतर ३ सेकंदांची संधी मिळते. त्या ३ सेकंदांत हात उचलून, नेम साधून एकच गोळी झाडावयाची असते. संकेतापूर्वी हात उचलणे हा नियमभंग होय. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी याच प्रकारात २०१३ मध्ये चांगवॉन येथे विश्वचषक स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण मिळवून नेमबाजीत वैयक्तिक आशियाई सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला होण्याचा मान त्यांनी मिळविला. त्या अंतिम फेरीत थायलंडच्या प्रतिस्पर्ध्याशी ३४ गुणांवर बरोबरी झाली. निर्णायक फेरीही एकदा बरोबरीत सुटली आणि दुसऱ्या निर्णायक फेरीत निकाल लागला. अशा प्रसंगी प्रत्येक गोळीसाठी तीच हालचाल त्याच क्रमाने पुन्हा करता येणे, हेच खेळाडूचे खरे भांडवल ठरते.

बसून नेमबाजी करण्याचा विचार दिव्यांग खेळाडूंच्या संदर्भातही महत्त्वाचा आहे. पॅरा नेमबाजीच्या एसएच-१ गटात पात्र खेळाडूंना चाकाची खुर्ची किंवा स्टूल वापरण्याची मुभा असते. कोल्हापूरचे स्वरूप उन्हाळकर यांनी २०२१ मध्ये झालेल्या टोकियो पॅरालिंपिकमध्ये या गटाच्या १० मीटर एअर रायफल प्रकारात चौथे स्थान मिळविले. प्रॅक्टिकल नेमबाजीच्या नियमांतही शारीरिक असमर्थतेमुळे स्टेजचा एखादा भाग पूर्ण करू न शकणाऱ्या खेळाडूची दखल घेतलेली आहे. असा खेळाडू आधी विनंती करून त्या भागाच्या बदल्यात मर्यादित गुणदंड स्वीकारू शकतो. अपंगत्व गंभीर असल्यास हा दंड माफ करण्याचा अधिकार रेंज मास्टरला आहे. उठणे ही ज्याला सहज क्रिया नाही, त्यालाही स्पर्धेत स्थान असावे, ही भूमिका स्वागतार्ह आहे.

भारतीय कायदा आणि महाविद्यालयीन शक्यता

प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजी भारतात रुजण्यात कायद्याची चौकट ही मोठी मर्यादा आहे. आयपीएससीच्या नियमानुसार पिस्तुलासाठी किमान काडतूस ९ बाय १९ मिलिमीटरचे लागते. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्यवस्थेत ९ मिलिमीटरचे पिस्तूल निषिद्ध बोअरच्या गटात मोडते. सामान्य नागरिकास मिळणारा परवाना अशा शस्त्रासाठी नसतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या शस्त्रांची सर्वसाधारण संख्याही तीनवरून दोनवर आणली. जेथे खऱ्या पिस्तुलांवर कडक निर्बंध आहेत अशा प्रदेशांतील खेळाडूंसाठी आयपीएससीने हवेवर चालणाऱ्या नकली पिस्तुलांचा ‘ॲक्शन एअर’ हा विभाग विकसित केला. त्याची पहिली जागतिक स्पर्धा २०१८ मध्ये हाँगकाँग येथे झाली.

तथापि, या विषयातील अभ्यासण्याजोगा भाग शस्त्रावाचूनही हाताळता येतो. छत्रपती संभाजीनगर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. मराठवाड्यातील अनेक महाविद्यालयांत खो-खोचे संघ व राष्ट्रीय छात्र सेनेची पथके आहेत. एक खुर्ची, एक शिट्टी व व्हिडिओ चित्रण करणारा मोबाइल एवढ्या साधनांवर विद्यार्थ्यांचा लघुप्रकल्प उभा राहू शकतो. पाय पुढे, गुडघ्यांखाली व गुडघ्यांमागे अशा तीन स्थितींतून उठण्याचा काळ मोजता येईल. उठून मग कमरेवरील खुणेस हात लावणे आणि उठता उठता हात लावणे, या दोन क्रमांची तुलना करता येईल. खो-खोपटू आणि इतर विद्यार्थी यांच्या प्रतिसादकाळातील फरक पाहता येईल. भौतिकशास्त्राला यात गुरुत्वमध्य व बलाघूर्ण दिसेल, मानसशास्त्राला प्रतिसादकाळ आणि शारीरिक शिक्षणाला कौशल्याची घडण. वृद्धांच्या पायांतील बळ जोखण्यासाठी ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते, ही चाचणी जगभर वापरली जाते. त्यामुळे अशा प्रकल्पाचा धागा थेट समाजारोग्याशीही जोडता येतो.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. बैठ्या प्रारंभात निर्णायक ठरते ती हालचालींची जुळणी. पुढे झुकताना पकड, सरळ होताना उपसणे आणि स्थिरावताना नेम हा क्रम सर्वांत हितावह आहे.

२. या क्रमात वेग आणि सुरक्षितता यांचा विरोध मावळतो. बसलेल्या माणसाची मांडी नळीच्या मार्गात असते तोवर पिस्तूल काढणे नियमाने जोखमीचे आणि शरीरदृष्ट्या संथ असते.

३. हिट फॅक्टरच्या गणितात काही दशांश सेकंदांचा लाभ एक-दोन कमी प्रतीच्या फटक्यांनी पुसला जातो. दंड किंवा बाद होण्याची किंमत त्याहून कितीतरी मोठी असते.

४. खो-खोमधील बैठकीची पद्धत, २५ मीटर पिस्तुलातील सज्ज स्थिती आणि पॅरा नेमबाजीतील बैठे आसन हे महाराष्ट्राला परिचित असलेले अनुभव या तत्त्वाच्या आकलनास साहाय्यभूत ठरतात.

भारतातील महाविद्यालयीन विद्यार्थी नजीकच्या काळात प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजीच्या स्टेजवर उतरेल, असे नाही. परंतु संकेताआधी न हलणे, संकेतानंतर न गोंधळणे आणि तोल सावरल्याखेरीज ट्रिगरवर बोट न ठेवणे ही शिस्त केवळ नेमबाजाच्या उपयोगाची नाही. घाईला क्रमाची जोड नसेल तर ती वेळ वाचवीत नाही, हे खुर्चीवरून उठण्याच्या साध्या क्रियेतूनही शिकविता येते. क्रीडांगणाबरोबरच वर्गातही या विषयाला स्थान मिळण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.